हद्दीची सबब आणि रयतेची दाद

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकलगाडी देहूरोड सोडून पुढें निघाली म्हणजे घोरावडी येण्यापूर्वीं एक लहानसें स्टेशन लागतें. त्याचें नांव बेगडेवाडी. १९७८ सालीं या मार्गावर विजेच्या लोकलगाड्या सुरू झाल्या, तेव्हांपासून मावळांतील कामगार, विद्यार्थी, कारकून, भाजी-दुधाचा किरकोळ धंदा करणारे लोक या गाड्यांवर अवलंबून आहेत. आणि अशा लोकांस चढवून-उतरवून घेणारीं जीं ठिकाणें आहेत त्यांपैकीं हें एक. येथें मोठी पेठ नाहीं, देवस्थानाची यात्रा नाहीं, कीं बड्या लोकांच्या जाण्यायेण्याचा हा रस्ता नाहीं. तथापि पोलीसखात्याकडून सामान्य माणसास मिळणारी सेवा कोणत्या प्रतीची असते, या प्रश्नाचा विचार करावयास आम्ही आज मुद्दाम हेंच स्टेशन घेत आहों. मुंबईच्या मलबार हिलवर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पोलीस कसा वागतो, यावरून त्या खात्याची परीक्षा होत नाहीं. रात्रींच्या शेवटच्या गाडीनें बेगडेवाडीस उतरणाऱ्या माणसाच्या अनुभवावरून ती व्हावयास पाहिजे.

या एवढ्याशा टापूंत पोलिसांची वाण आहे असें मात्र कोणीं समजूं नये. उलट ते नाना तऱ्हेचे आहेत, आणि तोच सारा घोटाळा आहे. रूळ, फलाट व गाडीचा डबा यांत घडलेल्या गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलिसांनीं करावयाचा. त्यांचें ठाणें पुणें स्टेशनास. रेल्वेच्या मालमत्तेचें व उतारूंचें रक्षण १९५७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या रेल्वे सुरक्षा दलानें करावयाचें. तें दल केंद्र सरकारच्या हुकमतीखालचें, आणि चोरी-मारामारीची फिर्याद नोंदविण्याचें काम त्याचें नव्हे. फलाटाची पायरी उतरून रस्त्यावर पाऊल टाकलें कीं आपण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या अमलांत येतों. हें आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजीं अस्तित्वांत आलें, आणि देहूरोड, तळेगांव दाभाडे, चाकण, आळंदी हीं पूर्वीं पुणें ग्रामीणच्या ताब्यांत असलेलीं ठाणीं त्यास जोडण्यांत आलीं. पण तालुक्याचें गांव जें वडगांव तें, आणि त्यापुढील कामशेत व लोणावळें हा सारा मुलूख पुणें ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडेच राहिला. द्रुतगती महामार्गावर कांहीं घडलें तर महामार्ग पोलीस आणखी निराळे. मावळांतील एखादा माणूस सकाळीं घरून निघून बाजारहाट उरकून संध्याकाळीं परत येईपर्यंत तीन-चार निरनिराळ्या पोलिसांच्या हद्दी ओलांडतो, आणि त्यास त्याची खबरही नसते. तो ज्यास पोलीस म्हणतो तो त्याच्या दृष्टीनें एकच आहे: खाकी कपड्यांतला सरकारचा माणूस.

हद्दी आंखणें हें कारभाराच्या सोयीचें काम आहे. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु कारभाऱ्यांसाठीं केलेली ही सोय फिर्यादीच्या अंगावर कशी येऊन पडते हें पाहावयाचें असेल तर एक साधें उदाहरण घ्यावें. दुसरी पाळी संपवून एक मजूर कान्हे येथें गाडींत बसतो. वडगांव येण्यापूर्वींच त्याचा डोळा लागतो, आणि बेगडेवाडीस जागा होऊन पाहतो तों खिशांतील मोबाईल नाहीं. आतां हा मोबाईल गेला कोठें? वडगांवास गेला, तळेगांवास गेला, कीं उतरतांना दारांतल्या गर्दींत गेला, हें झोंपलेल्या माणसानें कसें सांगावें? तो जवळच्या ठाण्यावर जातो. तेथें त्यास सांगण्यांत येतें कीं, गाडींत गेला म्हणजे लोहमार्गवाल्यांकडे जा. लोहमार्गाकडे जावयाचें म्हणजे पुण्यास जावयाचें, आणि पुण्यास जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवावयाची. तेथें गेल्यावर, मोबाईल फलाटाबाहेरच पडला असेल अशी शंका निघाली, तर पुन्हां माघारीं. हा प्रकार अमुक ठाण्यावर अमुक दिवशीं घडला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं ज्यानें आयुष्यांत एकदां तरी अशी फिर्याद नेली असेल, त्यानें छातीवर हात ठेवून सांगावें कीं हें चित्र त्यास अनोळखी वाटतें काय?

कायदा या बाबतींत मुळींच गप्प नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, ठाण्याच्या अंमलदारानें घेतली पाहिजे. यासच शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. ती नोंदवून घेऊन योग्य त्या ठाण्याकडे पाठविणें हें पोलिसांचें काम आहे, फिर्यादीचें नव्हे. अशी खबर इलेक्ट्रॉनिक साधनानेंही देतां येते. मात्र तीन दिवसांचे आंत तिच्यावर सही केली पाहिजे. नोंदीची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. अंमलदारानें नोंद नाकारली तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, व तेथेंही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे जावें, अशीही तजवीज आहे. तपास कोठवर आला हें ९० दिवसांचे आंत फिर्यादीस कळविण्याचें बंधन आतां घालण्यांत आलें आहे. त्याच्या कितीतरी आधीं, १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ललिताकुमारी खटल्यांत दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणें पोलिसांस बंधनकारक आहे असा निर्वाळा देऊन ठेवलाच होता. प्राथमिक चौकशीस त्यानें जागा ठेवली ती मोजक्या प्रकरणांपुरती. स्त्रियांवरील कांहीं गंभीर अत्याचारांची खबर न नोंदविणाऱ्या सरकारी नोकरास तर भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमान्वयें कैदेची शिक्षा सांगितली आहे. तेव्हां उणीव कायद्याची आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. उणीव आहे ती कायदा दिल्लीहून निघून मावळांतल्या ठाण्याच्या टेबलापर्यंत पोंचण्याची.

याहून सूक्ष्म, व म्हणूनच अधिक घातक, असा एक प्रघात सर्वत्र पडून गेला आहे. चोरी झाली म्हणून आलेल्या माणसाकडून 'माझी वस्तु गहाळ झाली' असा अर्ज लिहून घ्यावयाचा, त्यावर शिक्का मारावयाचा आणि त्यास वाटेस लावावयाचें. माणूसही राजी होतो. त्यास नवें सिमकार्ड पाहिजे असतें; २०२३ पासून देशभर चालूं झालेल्या 'संचार साथी'च्या व्यवस्थेंत गेलेला फोन बंद पाडावयास पोलिसांचा कागद लागतो, आणि गहाळ दाखल्यानें तें काम भागतें. अंमलदाराची डोकेदुखी टळते, अर्जदाराची गरज पुरी होते, आणि चोर मात्र कायद्याच्या दृष्टीनें जन्मासच येत नाहीं. एका गाडींत एका महिन्यांत दहा मोबाईल चोरीस गेले अशी नोंद झाली, तर त्या गाडीस दोन शिपाई द्यावे लागतील. तेच दहा मोबाईल गहाळ झाले असें लिहिलें, म्हणजे उतारू निष्काळजी आहेत एवढाच त्याचा अर्थ निघतो. त्यांत भर म्हणून नव्या संहितेनें ५,००० रुपयांच्या आंतील मालाची चोरी अदखलपात्र सदरांत टाकली आहे. पन्नास हजारांचा फोन बाळगणाऱ्यास हा फरक जाणवणार नाहीं. परंतु ज्याचा जुनापाना फोन चार हजारांचा, त्यांतच ज्याच्या मजुरीचे पैसे जमा होतात, मुकादमाचा नंबर आहे, गांवाकडच्या मंडळींचे नंबर आहेत, त्या माणसाची ती चोरी क्षुल्लक कशी म्हणावी, हें हें कलम लिहिणाऱ्यांसच ठाऊक.

येथें आम्हां वर्तमानपत्रकारांसही पदरचा एक दोष कबूल केला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक आंकडे प्रसिद्ध झाले कीं, 'अमुक शहरांत गुन्ह्यांची वाढ' असे मोठाले मथळे आम्हीच देतों, आणि त्या शहराच्या पोलिसांस नालायक ठरवून मोकळे होतों. वास्तविक त्या आंकड्यांत गुन्हे मोजलेले नसतात, नोंदी मोजलेल्या असतात. जें ठाणें आलेली प्रत्येक फिर्याद प्रामाणिकपणें लिहून घेईल त्याचा आंकडा फुगेल, व जें ठाणें दारांतूनच परत लावील त्याचा आंकडा देखणा दिसेल. १९७७ सालीं धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानें आपल्या अहवालांत फिर्यादी न नोंदविण्याच्या या रोगावर बोट ठेवलें होतें. आंकड्यांवरून अधिकाऱ्याची लायकी ठरविण्याची पद्धति जोंवर आहे तोंवर गुन्हे दडपले जाणारच. त्याच्याही पाऊणशें वर्षें आधीं लॉर्ड कर्झननें नेमलेल्या पोलीस कमिशननें, म्हणजे १९०२ च्या फ्रेझर कमिशननें, त्या वेळच्या खात्याविषयीं जो अभिप्राय दिला तो इतका कडक होता कीं तो त्या वेळच्या सरकारास सुद्धां गिळण्यास जड गेला असावा: खातें अकार्यक्षम, शिक्षणांत कच्चें, लांचखाऊ व जुलमी. तें परक्यांचें राज्य होतें. रयतेस धाकांत ठेवणें हें १८६१ च्या पोलीस कायद्याचें खरें प्रयोजन होतें, असें म्हणून आपण त्या अभिप्रायाची वाट लावूं शकतों. परंतु २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाशसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयास जे सात आदेश द्यावे लागले, ते कांहीं परक्या राज्यास दिलेले नव्हेत.

आम्ही वर रयत हा शब्द वापरला आहे. कोणी म्हणेल, आतां नागरिक म्हणावें. म्हणावें खरें. पण ठाण्याच्या बांकावर दोन-दोन तास बसून 'साहेब येतील तेव्हां बघूं' हें उत्तर ऐकणाऱ्या माणसास नागरिक म्हणावयास आमची लेखणी धजत नाहीं.

आतां फिर्यादीपुरताच हा विषय असता तर येथेंच थांबलों असतों. पण पोलिसांची अर्धी सेवा गुन्हा घडल्यानंतरची, तर अर्धी अनर्थ घडण्यापूर्वींची असते, आणि या दुसऱ्या अर्ध्या भागांत मावळाचा अनुभव अधिक दुःखाचा आहे. बेगडेवाडीच्या परिसरांतच, इंद्रायणीवर कुंडमळा म्हणून जागा आहे. पाण्यानें खडकांत कोरलेलीं कुंडें पाहावयास पावसाळ्यांत तेथें पुण्याहून व पिंपरी-चिंचवडहून लोंढेच्या लोंढे येतात. तेथील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं दुपारीं, माणसांची व दुचाक्यांची गर्दी अंगावर असतां, नदींत कोसळला. चार माणसें मेलीं, पन्नासांच्या वर जखमी झालीं. पूल धोक्याचा आहे असा फलक तेथें होता. नव्या पुलास मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे सरकारास धोका कळला होता, कागदावर उतरला होता, रंगवून खांबास टांगलाही होता. उणा होता तो एक माणूस, कीं ज्यानें त्या रविवारीं दुपारीं पुलाच्या तोंडाशीं उभें राहून 'पुढें जाऊं नका' असें म्हणावें, आणि ज्याचें म्हणणें लोकांनीं ऐकावें. हा माणूस वर्दींतलाच असावा लागतो. फलकास कोणी भीत नाहीं.

त्यापूर्वीं एका वर्षानें, ३० जून २०२४ रोजीं, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जीव, त्यांत बहुतेक मुलें, वाहून गेले. तोही रविवार, तोही पावसाळ्याचा आरंभ. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघाले, आणि कांहीं दिवस बंदोबस्तही कडक झाला. मग पुढच्याच पावसाळ्यांत कुंडमळा घडला. दरोडा केव्हां पडेल हें कोणास सांगतां येत नाहीं, म्हणून दरोड्याबद्दल पोलिसांस एक वेळ क्षमा करतां येईल. पण रविवार केव्हां येणार हें पंचांगावांचूनही सांगतां येतें. जून महिन्यांत पाऊस पडणार, आणि पाऊस पडला कीं मावळांत लोक लोटणार, हें शेंबडें पोरही सांगेल. जी गर्दी दरवर्षीं त्याच दिवसांत, त्याच जागीं, त्याच वेळीं होते तिच्यासाठीं दरवर्षीं कोणी तरी मेल्यानंतर हुकूम काढावा लागतो, ही गोष्ट आमच्या बुद्धीस उमजत नाहीं.

पोलिसांस बंदोबस्त ठेवतां येत नाहीं असें म्हणावें तर तसेंही नाहीं. बेगडेवाडीहून जवळच गहुंज्याचें क्रिकेटचें मैदान आहे. तेथें २०२३ सालीं विश्वचषकाचे पांच सामने झाले. अशा सामन्यांच्या दिवशीं वाहनें कोठें थांबवावीं, कोणता रस्ता एकेरी करावा, प्रेक्षकांस कोणत्या दारानें आंत घ्यावें याची आगाऊ आंखणी होते, पत्रकें निघतात, शेंकडों शिपाई रस्त्यावर उभे राहतात, आणि हजारों प्रेक्षक सुखरूप घरीं जातात. हें काम उत्तम होतें, आणि त्याबद्दल आम्ही पोलिसांचें कौतुकच करूं. पण त्याच पोलिसांस तेथून थोड्याच अंतरावरच्या एका नदीवर, रविवारच्या चार तासांसाठीं, चार शिपाई व एक दोरखंड कां ठेवतां येऊं नये? तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा जीव आणि फुकट धबधबा पाहावयास आलेल्यांचा जीव यांत सरकारदरबारीं फरक आहे काय? गांवोगांवीं १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालीं नेमलेले पोलीस पाटील आहेत, होमगार्ड आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळीसारखे स्वयंसेवक आहेत, जे दरींत पडलेल्यांस व पाण्यांत बुडालेल्यांस काढण्याचें काम पदरमोड करून वर्षानुवर्षें करीत आले आहेत. या सर्वांस जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारीं एका अधिकाऱ्याच्या हाताखालीं आणणें एवढेंच काम आहे. तो अधिकारी मात्र हद्दीच्या या अंगाचा कीं त्या अंगाचा, हा वाद तेवढा उपस्थित होतां कामा नये.

शिपायाच्या बाजूनेंही दोन शब्द बोलणें न्यायाचें आहे. बारा-बारा तास उभा राहणारा, सणावारीं घरीं नसणारा, गणेशोत्सव, पालखी, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा यांत फरफटला जाणारा माणूस ठाण्यावर आलेल्या फिर्यादीशीं गोड बोलेल ही अपेक्षाच अवाजवी आहे. २०१६ सालीं मुंबईंत देवनार ठाण्यावर शिपायांच्या आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका साध्या शिपायानें मांडली होती, आणि त्या वेळचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनीं ती उचलून धरली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें महिला पोलिसांसाठींही आठ तासांचे हुकूम निघाले. परंतु माणसें न वाढवितां पाळ्या वाढविल्या म्हणजे बंदोबस्ताचा पहिला दिवस उजाडतांच त्या मोडतात. मावळांत गेल्या वीस वर्षांत कारखाने वाढले, गृहसंकुलें उठलीं, द्रुतगती महामार्गानें मुंबई दोन-तीन तासांवर आणली. पोलिसांचें संख्याबळ त्या मानानें वाढलें नाहीं हें कोणाही ठाणेदारास विचारावें. जनता पोलिसांस शिव्या देते, पण आमदाराच्या सभेंत आमच्या ठाण्यास आणखी वीस माणसें द्या अशी मागणी करणारा नागरिक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. मागण्या होतात त्या प्रवेशद्वारांच्या कमानींच्या.

या टापूंत पोलीस आणि लोक यांच्यामध्यें एक जुनी जखमही आहे, आणि तिच्याकडे कानाडोळा करून सेवेच्या गोष्टी बोलणें वरवरचें होईल. पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळांतील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगती महामार्गावर उतरले, तेव्हां पोलिसांनीं गोळीबार केला व तीन शेतकरी, त्यांत एक स्त्री, ठार झाले. क्रांतिदिनाच्या दिवशींच हें घडलें. शेजारच्या मुळशी पेट्यानें १९२१ सालीं धरणाविरुद्धच्या सत्याग्रहांत जें पाहिलें होतें त्याची आठवण जुन्या लोकांनीं त्या वेळीं काढली असेल तर नवल नाहीं. त्याच्या दीड वर्ष आधीं, १३ जानेवारी २०१० रोजीं, तळेगांव दाभाड्याचे माहिती-अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा सकाळीं फिरावयास निघाले असतां भर वस्तींत खून झाला. जमीनव्यवहारांतील गैरप्रकार त्यांनीं उजेडांत आणले होते. जिवास धोका आहे म्हणून पोलीससंरक्षणही मागितलें होतें. तपास स्थानिक पोलिसांकडून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि इतकीं वर्षें लोटलीं तरी त्या खुनाबद्दल कोणास शिक्षा झालेली नाहीं. ज्यानें लेखी संरक्षण मागितलें त्याची ही गत झाली, तर बाकीच्यांनीं अर्ज कशास करावा, असा प्रश्न मावळांतला माणूस मनांतल्या मनांत विचारतो. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हें आपल्या पोलिसांचें ब्रीद आहे. त्यांतला पहिला शब्द पहिलाच कां ठेवला आहे, याचा विचार ठाण्याच्या भिंतीवर तें रंगविणाऱ्यांनीं करावा.

दाद मागावयास जागा नाहीं असें मात्र नाहीं, आणि हें आमच्या व्यापारी वाचकांस विशेषेंकरून सांगावयाचें आहे. प्रकाशसिंग खटल्यांतील आदेशास अनुसरून २०१४ सालीं महाराष्ट्र पोलीस अधिनियमांत दुरुस्ती होऊन राज्य पातळीवर व विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणें स्थापण्याची तरतूद झाली. न्यायालयानें जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरण मागितलें होतें. आपल्या सरकारनें तें विभागावर भागविलें. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखालीं अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतींत न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो. तळेगांव-चाकणच्या कारखान्यांत नोकरीस लागणाऱ्या पोरास चारित्र्य-पडताळणीचा दाखला लागतो, व तो वेळेवर न मिळाल्यास नोकरी हातची जाते. अशा वेळीं एजंटाच्या हातावर पैसे ठेवण्याऐवजीं या कायद्याखालीं अपील करणारे किती निघतात? २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक पोलीसठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसविण्याचा व त्यांतील चित्रण दीर्घकाळ जपून ठेवण्याचा हुकूम केला आहे. फिर्यादी किती वाजतां आला व किती वाजतां रिकाम्या हातानें परत गेला, हें त्या कॅमेऱ्यास ठाऊक असतें. २०२१ पासून ११२ या क्रमांकावर मदत मागण्याची सोय आहे, आणि त्या क्रमांकावर केलेला फोन हद्द विचारीत नाहीं. हीं साधनें वापरावयास थोडी चिकाटी लागते. पेढीवर चार आण्यांचा फरक निघाला तर मध्यरात्रीपर्यंत वह्या तपासणारा आमचा व्यापारी, दुकान फुटलें असतां 'जाऊं द्या, विम्यापुरता कागद मिळाला' म्हणून ठाण्यावरून परत येतो, याचें आम्हांस नेहमींच आश्चर्य वाटत आलें आहे.

तूर्त आमची मागणी लहान आहे. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या प्रत्येक स्टेशनावर, तिकिटाच्या खिडकीशेजारीं, ठळक मराठींत एक फलक लागावा: या गाडींत किंवा या फलाटावर कांहीं गुन्हा घडल्यास त्याची फिर्याद तुम्ही कोणत्याही पोलीसठाण्यावर देऊं शकतां, ती नाकारण्याचा अधिकार तेथील अंमलदारास नाहीं, नाकारल्यास अमुक क्रमांकावर कळवावें. फलकाखालीं पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त, पुणें ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि लोहमार्गाचे पोलीस अधीक्षक या तिघांच्याही सह्या असाव्यात, म्हणजे एकानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा मार्ग बंद होईल. त्याबरोबरच प्रत्येक ठाण्यावर महिन्यांत किती गहाळ अर्ज घेतले व किती चोऱ्या नोंदविल्या, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं प्रसिद्ध व्हावे. आम्ही ते विनामूल्य छापूं, आणि ज्या ठाण्याच्या चोऱ्यांचा आंकडा त्यामुळें वाढलेला दिसेल त्यास प्रथम आम्हीच शाबासकी देऊं. पावसाळी रविवारांच्या बंदोबस्ताचें वेळापत्रक मे महिना संपण्यापूर्वीं गांवोगांवच्या चावडीवर लागावें.

यास नवा कायदा लागत नाहीं, कीं अंदाजपत्रकांत मोठी रक्कमही लागत नाहीं. तळेगांव, वडगांव, कामशेत व लोणावळें येथील व्यापारी मंडळांनीं आपल्या पुढील सभेंत या तीन गोष्टींचा ठराव करून तिन्ही अधिकाऱ्यांकडे पाठवावा, आणि त्याची एक प्रत आमच्याकडे द्यावी. उत्तर येईल त्या दिवशीं तें, आणि न आल्यास किती दिवस आलें नाहीं तें, याच जागीं प्रसिद्ध करण्यांत येईल.